दोन चाकांचे स्वावलंबन

इतिहास म्हणजे केवळ लढाया व किल्ल्यांचे वेढे नव्हेत. सामान्य प्रपंची माणसाच्या दारी एखादी उपयुक्त वस्तू केव्हा आली आणि तिने त्याचे जीवन कसे पालटले, हाही इतिहासच होय. आपल्या नगरातील लहान मोटारसायकलीची कथा अशीच आहे.

स्वातंत्र्यानंतरही बरीच वर्षे स्वयंचलित दुचाकी ही बहुधा डॉक्टर, वकील व सधन व्यापारी यांच्या घरी दिसे. परवान्यांच्या त्या काळात स्कूटरसाठी नंबर लावून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. शिक्षक, कारकून व कारागीर सायकलीवरच समाधान मानीत. १९७२ साली कायनेटिकची ५० सी. सी. ची लूना निघाली, तेव्हा या वर्गाला प्रथमच आशा वाटू लागली.

आपल्याकडे खरा पालट १९८५ साली झाला. त्या वर्षी वाळूज येथील बजाज कारखान्याचे उद्घाटन राष्ट्रपती ग्यानी झैलसिंग यांच्या हस्ते झाले. पुढच्याच वर्षी एम-८० व कावासाकीच्या सहकार्याची केबी-१०० या गाड्या बाजारात आल्या. एम-८० चे इंजिन लहान, पण चाके स्कूटरीहून मोठी. दोन्ही बाजूंस दुधाचे कॅन अडकवून गवळी तीवरून पहाटे शहरात येऊ लागले. १९९१ च्या फोर-एस चॅम्पियनने पेट्रोलाचीही बचत साधली. पुढे वाळूजची बॉक्सर आफ्रिकेत गेली आणि तेथील हजारो तरुणांना उतारू वाहून पोट भरण्याचे साधन झाली.

या गाडीचे आकर्षण डौलात नव्हे, सोयीत आहे. गुलमंडीच्या गर्दीतून ती निघते, दारापुढच्या हातभर जागेत उभी राहते. गंगापूर किंवा पैठण तालुक्यातील तरुण वाळूजची पाळी संपवून रात्री स्वगृही परतू लागला. त्यामुळे शेती सुटली नाही व वृद्ध मातापितरे एकटी पडली नाहीत. शिवाय पगारातून हप्ते फेडून ती स्वतःच्या बळावर घेता येई. हेच तिचे खरे मोल होय.

परंतु खेदाची गोष्ट अशी की, हीच गाडी लग्नाच्या यादीत जाऊन बसली. ‘मुलाला गाडी’ हे शब्द बैठकीत सहज उच्चारले जाताना आम्ही ऐकले आहेत. वधूपिता स्वतः एस. टी. ने हिंडतो आणि जावयाच्या गाडीचे कर्ज फेडतो! १९६१ च्या हुंडा प्रतिबंधक कायद्याने असे देणे व घेणे हे दोन्ही गुन्हेच आहेत. पण कायदा बाजूला ठेवला तरी, जी वस्तू स्वावलंबनाची खूण होती, तीच परावलंबनाची खूण ठरावी, ही आपल्या समाजास शोभणारी गोष्ट नव्हे.

तरुणांनी गाडी अवश्य घ्यावी. ती आपल्या कमाईची असावी. डोक्यावर हेल्मेट असावे. घरच्या मुलीसही ती चालविण्यास शिकवावे. आणि यापुढे कोणत्याही लग्नाच्या यादीत गाडीचे नाव लिहिले जाऊ नये, एवढीच आमची सर्व ज्ञातिबंधुभगिनींस नम्र विनंती आहे.