भोकं पाडायचं यंत्र

नामपुरात मी लग्नपत्रिकांची अ‍ॅनिमेशनं करतो. काम संपलं की एमपी४, एच.२६४, सेकंदाला २५ चौकटी. जीआयएफ मला पटत नाही. २५६ रंगांत हळद मळकट दिसते.

आपल्या जिल्ह्यातल्या त्र्यंबकेश्वरचे दादासाहेब फाळके १९१२मध्ये लंडनला गेले, तेव्हा त्यांनी कॅमेऱ्याबरोबर भोकं पाडायचं यंत्रही घेतलं. कच्ची फिल्म बिनभोकांची यायची. ३५ मिलिमीटर पट्टीला दर चौकटीमागे दोन्ही कडांना चार-चार भोकं. माप चुकलं तर प्रोजेक्टर पट्टी ओढणारच नाही. एवढा कडक फाइल-फॉरमॅट मी पाहिला नाही! वाटाण्याचं रोप त्यांनी एकेक चौकट टिपून पडद्यावर वाढवलं, पुढे आगकाड्याही नाचवल्या. वेगाचं मात्र सेटिंगच नव्हतं: कॅमेऱ्याचं हँडल एकाच्या हातात, प्रोजेक्टरचं दुसऱ्याच्या.