१९०८ सालचा जून महिना

आपल्या शाळांत इतिहास भाषेप्रमाणे वाटून दिलेला आहे. मी सकाळी मराठी शिकवतो आणि दुपारी उर्दू, त्यामुळे ही वाटणी मला रोज दिसते. मराठीच्या तासाला टिळक येतात, ‘केसरी’ येतो, मंडाले येतं. उर्दूच्या तासाला मौलाना हसरत मोहानी येतात ते गझलवाले म्हणून. गुलाम अलींनी गायलेली त्यांची गझल ज्यांना उर्दूचं अलिफ येत नाही त्यांनाही पाठ असते. पण हे दोघे एकाच आठवड्यात, एकाच कायद्याखाली, छापलेल्या मजकुरासाठी पकडले गेले, हे दोन्ही तासांना कुणी सांगत नाही. आणि त्याच साली आपलं यवतमाळही या गोष्टीत होतं, हे तर यवतमाळकरांनाही फारसं ठाऊक नाही.

आधी प्रसंग काय होता ते पाहू. ३० एप्रिल १९०८ रोजी मुजफ्फरपूरला बॉम्ब फुटला आणि दोन इंग्रज बायका मेल्या. टिळकांनी १२ मे आणि ९ जूनच्या ‘केसरी’त त्यावर अग्रलेख लिहिले. बॉम्ब चांगला असं त्यांनी म्हटलं नव्हतं. दडपशाही करून बॉम्ब थांबणार नाहीत असं म्हटलं होतं. ८ जूनला सरकारनं वर्तमानपत्रांसाठी नवा कायदा केला, चिथावणीचा मजकूर छापणारा छापखानाच जप्त करण्याचा. ११ जूनला ‘काळ’चे शिवरामपंत परांजपे धरले गेले, त्यांना पुढे १९ महिन्यांची शिक्षा झाली. २३ जूनला अलीगढमध्ये हसरत मोहानी आणि २४ जूनला मुंबईत टिळक.

हसरत म्हणजे सय्यद फजलुल हसन. उन्नाव जिल्ह्यातल्या मोहान गावचे. १९०३ साली अलीगढच्या कॉलेजातून बी.ए. होऊन निघाले. त्या काळात अलीगढचा बी.ए. म्हणजे तहसीलदारी ठरलेली. यांनी त्याच वर्षी ‘उर्दू-ए-मुअल्ला’ नावाचं मासिक काढलं. त्यात जुन्या शायरांचा निवडक कलाम असे आणि त्याच पानांना लागून स्वदेशीवर, काँग्रेसवर, इंग्रजांच्या धोरणावर लेख असत. मीरचा शेर वाचायला अंक उघडणाऱ्याला लॉर्ड कर्झनही वाचावा लागे. मला हा माणूस आवडतो तो यासाठीच. १९०७ साली सुरतेला काँग्रेस फुटली तेव्हा ते टिळकांबरोबर बाहेर पडले आणि जन्मभर टिळकांना राजकारणातले आपले गुरू मानत राहिले.

इथं एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. १८९३च्या दंग्यांनंतर टिळकांनी जे लिहिलं, गणेशोत्सवाला जे वळण मिळालं, त्याबद्दल आपल्या घरांत आजही नाराजी निघते. ती निराधार नाही. हसरतना हे माहीत नसेल असं मला वाटत नाही. तरी त्यांनी टिळकांना मानलं, कारण इंग्रजांच्या बाबतीत अर्ज-विनंत्या करायच्या की हक्क मागायचा, एवढाच प्रश्न त्यांच्यापुढे होता, आणि त्यात त्यांना टिळक बरोबर वाटले. माणसाला एका बाबतीत गुरू मानता येतं आणि दुसऱ्या बाबतीत त्याच्याशी वाद ठेवता येतो. आज हे आपल्याला फार कठीण जातं.

हसरतवर खटला झाला तो इजिप्तमधल्या इंग्रजांच्या धोरणावरच्या एका लेखासाठी. आणि तो लेख त्यांचा नव्हता. दुसऱ्या कुणी लिहून दिलेला होता, खाली नाव नव्हतं. कोर्टात नाव विचारलं गेलं. हसरतनी सांगितलं नाही. मासिक माझं, जबाबदारी माझी, असं म्हणून उभे राहिले.

१८६७च्या कायद्याप्रमाणे तेव्हा प्रत्येक अंकावर छापणाऱ्याचं आणि प्रसिद्ध करणाऱ्याचं नाव असावंच लागे. लेखकाचं नाव असण्याची सक्ती नव्हती. सरकारला माणूस लागतो, आणि तो अंकाच्या शेवटच्या पानावर तळाशी, बारीक अक्षरात मिळतो. टिळक ‘केसरी’चे संपादक, प्रकाशक सगळंच होते. अग्रलेखावर सही नसे, पण ती कुणाची हे शोधावं लागत नव्हतं. हसरतना मात्र वाट मोकळी होती. एक नाव घेतलं असतं की ते सुटले असते, निदान शिक्षा हलकी झाली असती.

हे मला सध्या जास्त जाणवतं, कारण गेला महिना मी रोज थोडं लिहून लोकांपुढे ठेवलं आहे. शाळा सुटली, मगरिब झाली, मुलांचा अभ्यास घेतला की तास-दोन तास मिळतात. विषय साधे असतात: वऱ्हाडातली उर्दू, कापसाचा हंगाम, आर्णीच्या कंबलपोष बाबांचा उरूस. महिन्याभरात घरच्यांनी एकच सल्ला दिला. मोठे भाई म्हणाले, “लिख, मगर नाम मत डाल.” शाळेतल्या सहकारी सरांनीही चहा पिताना तेच मराठीत सांगितलं. दोघांच्या मनात काळजीच होती. काळ कसा आहे ते मलाही दिसतं. मी नाव ठेवलं. त्यात शौर्य नाही. कंबलपोष बाबांच्या उरसाबद्दल लिहिण्यात कुणाची चक्की दळायची वेळ येत नाही. पण नाव खाली असलं की वाक्य लिहिताना हात जरा थांबतो, खरं तेवढंच उतरतं, एवढा अनुभव महिनाभरात आला.

चक्कीची गोष्ट शब्दशः खरी आहे. हसरतना दोन वर्षं सक्तमजुरी आणि पाचशे रुपये दंड झाला. अपिलात एक वर्ष कमी झालं. दंड भरायला पैसे नव्हते, म्हणून त्यांचं पुस्तकांचं कपाट लिलावात काढलं. दुर्मीळ दीवान, हस्तलिखितं, सगळं कवडीमोलानं गेलं. पकडलं तेव्हा मुलगी नईमा आजारी होती. बेगम निशातुन्निसा यांनी तुरुंगात पत्र पाठवून कळवलं की घराची फिकीर करू नका, कमजोरी दाखवू नका. तुरुंगात रोज मणभर गहू दळायचं काम. सप्टेंबरच्या अखेरीस रमजान लागला, तो महिनाही तिथंच गेला. त्यावर त्यांचा एक शेर आहे आणि चक्कीवर दुसरा, जो उर्दू जाणणाऱ्या प्रत्येकाला येतो. टिळकांना सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा झाली. ती पुढे साध्या कैदेत बदलली आणि त्या सप्टेंबरातच त्यांना मंडालेला नेलं. तिथं त्यांना पुस्तकं मिळाली, ‘गीतारहस्य’ तिथं झालं. हसरतना जातं मिळालं. मी दोघांना तोलत नाही, पण टिळकांसाठी मुंबईचे गिरणी कामगार सहा दिवस संपावर गेले, आणि अलीगढच्या वजनदार मंडळींनी आपल्याच माजी विद्यार्थ्यापासून अंतर राखलं, हेही नोंदवलं पाहिजे. टिळकांच्या जामिनासाठी कोर्टात उभे राहिलेले वकील बॅरिस्टर जिना होते, हेही मराठीच्या तासाला येत नाही.

मुलांना हे सांगतो तेव्हा ती विचारतात, सर, तेव्हा छापायचे कसे? प्रश्न चांगला आहे, कारण दोन भाषांचे छापखानेच वेगळे होते. मराठीसाठी शिशाचे खिळे. एकेक अक्षर, काना, मात्रा हातानं उचलून ओळ जुळवायची, छापून झालं की खिळे सोडवून परत खणात टाकायचे. उर्दूची नस्तालीक लिपी खिळ्यांत बसेना. म्हणून दगडी छपाई. कातिब खास कागदावर चरबीच्या शाईनं पूर्ण पान सुंदर अक्षरात लिहायचा, तो कागद ओल्या दगडावर दाबून अक्षरं दगडावर उतरवायची. दगडावर ती उलटी दिसतात. चूक राहिली तर संगसाज नावाचा कारागीर आरशातल्यासारखी उलटी अक्षरं काढून दुरुस्त करायचा. म्हणजे उर्दू मासिकाचं प्रत्येक पान कुणाच्या तरी हातचं. छापखाना जप्त होणं म्हणजे कातिब, संगसाज, दगड ओला ठेवणारा पोऱ्या, सगळ्यांची रोजी जाणं. ८ जूनचा कायदा नेमका तिथं मारत होता.

आता यवतमाळ. वऱ्हाड तेव्हा कागदोपत्री निजामाचा, पण १९०२च्या करारानं कायमचा इंग्रजांच्या ताब्यात गेलेला, नागपूरला जोडलेला. वणी जिल्ह्याचं नाव बदलून यवतमाळ झाल्याला जेमतेम तीन वर्षं झाली होती. कापसाचं गाव, जिनिंगचा धूर. अशा गावातून पृथ्वीगीर गोसावी ‘हरिकिशोर’ नावाचं साप्ताहिक चालवत होते. १९०८ साली त्यांच्यावरही राजद्रोह आला. आणि ‘हरिकिशोर’मधल्या लेखापायी वणीच्या एका तरुण वकिलाची सनद वर्षभरासाठी काढून घेतली गेली. तो वकील म्हणजे माधव श्रीहरी अणे, आपले बापूजी. वकिली नुकतीच सुरू झाली होती. लिहिण्याची किंमत पुण्यात सहा वर्षं, अलीगढमध्ये एक वर्ष आणि जातं, यवतमाळमध्ये पोटापाण्याचा धंदा.

सनद परत मिळाल्यावर बापूजींनी लिहिणं सोडलं नाही. १९१८ साली त्यांनी यवतमाळहून ‘लोकमत’ साप्ताहिक काढलं. त्याचं नाव टिळकांनी सुचवलेलं. आज घरोघरी येणाऱ्या दैनिकाचं मूळ ते. १९३०मध्ये पुसदजवळ गवत कापून जंगल सत्याग्रह केला आणि तुरुंगात गेले. म्हातारपणी संस्कृतात टिळकांचं चरित्र लिहिलं. हसरतनीही सुटून आल्यावर मासिक पुन्हा काढलं. १९१३ साली सरकारनं तीन हजारांचा जामीन मागितला, तेव्हा ते बंद ठेवावं लागलं, आणि मौलाना स्वदेशी कापडाचं दुकान घालून बसले. १९२१ला अहमदाबादेत संपूर्ण स्वातंत्र्याचा ठराव आणला. गांधीजींनी विरोध केला, ठराव पडला.

दोघे एकमेकांना कधी भेटले असतील तर दिल्लीत. १९४७च्या उत्तरार्धात घटना समितीच्या सभागृहात दोघेही सभासद होते, एक दख्खनच्या संस्थानांतर्फे, दुसरे संयुक्त प्रांतातून लीगच्या तिकिटावर. जानेवारी १९४८मध्ये बापूजी बिहारचे राज्यपाल होऊन पाटण्याला गेले. मौलाना शेवटपर्यंत तिथं बसून हरकती घेत राहिले, सरकारी भत्ता न घेता आणि तिसऱ्या वर्गाच्या डब्यातून ये-जा करत. राष्ट्रकुलात राहायला त्यांचा विरोध होता, आणि तो त्यांनी सभागृहात उभं राहून, आपल्या नावानं नोंदवला.