मेसमधला मग आणि बिअरची चव

जबलपूर छावणीचा इतिहास म्हटलं की तुम्हाला तोफा, गन कॅरेज फॅक्टरी आणि ग्रेनेडियर्स आठवतात. आज मात्र बिअरच्या मगाबद्दल बोलणार आहे. ग्लासच्या आकाराने बिअरची चव बदलते का? मेसमध्ये यावर पैजा लागलेल्या मी पाहिल्या आहेत.

१८१७ च्या डिसेंबरात जबलपूर नागपूरकर भोसल्यांच्या हातून गेलं आणि इथे कंपनीची छावणी बसली. तेव्हा बिअर विलायतेहून पिंपांतून, आफ्रिकेला वळसा घालून यायची. आधी लंडनच्या हॉजसनची, मग १८२० च्या दशकापासून बर्टनच्या ऑलसॉपची. महिनोन्‌महिने टिकावी म्हणून तिच्यात हॉप्स भरपूर, म्हणजे कडूपणाही भरपूर. पुढे कसौली, मरी अशा थंड डोंगरांत ब्रुअरी निघाल्या. १८७० मध्ये मुंबई आणि कलकत्त्याचे रेल्वेमार्ग आपल्या जबलपुरातच जुळले आणि पिंपांची वाहतूक सोपी झाली.

ही बिअर प्यायची कशातून? इंग्लंडात काचेवर जबर कर होता, तो १८४५ मध्ये उठला. तोवर सामान्य माणसाच्या हातात कथलाच्या मिश्रधातूचा, म्हणजे प्युटरचा मग असे. जुन्या प्युटरमध्ये शिसं असायचं आणि बिअर आंबट. कोणी असा जुना मग वारशात दिला तर शोभेला ठेवा. त्याच सुमारास, १८४२ मध्ये, बोहेमियातल्या पिल्सेन गावी सोनेरी, नितळ लागर तयार झाली. काळपट पोर्टर धातूच्या मगात गेली काय, कोणाला दिसत होती? ही नवी बिअर मात्र बघण्यासारखी होती. माझ्या मते उंच निमुळता ग्लास लोकप्रिय झाला तो आधी डोळ्यांसाठी आणि काच स्वस्त झाली म्हणून. जिभेचा युक्तिवाद नंतर चिकटला.

मगाला काचेचा तळ का असतो, याची एक गोष्ट प्रत्येक मेसमध्ये सांगतात. भरतीवाला सार्जंट मगात गुपचूप शिलिंग टाकायचा, ते ओठाला लागलं की माणूस फौजेत! गोष्ट झकास आहे, पण पटत नाही. रंगरुटाला मॅजिस्ट्रेटपुढे हजर करावं लागे. नुसत्या नाण्याने काम होत नसे.

आता चवीकडे. आपण ज्याला चव म्हणतो त्यातला मोठा वाटा वासाचा असतो. तोंडाशी आत वळलेला ग्लास वास धरून ठेवतो, पसरट तोंडाचा उडू देतो. फेस टिकला तर वासही टिकतो. ग्लासला तेलाचा हात लागला असेल तर कुठलाही आकार फेस वाचवत नाही. धातूचा मग तर बिअर ओतताच गार होतो आणि जबलपूरच्या मे महिन्यात तितक्याच लवकर तापतो. त्याला कान असतो तो काही उगाच नाही.

आम्ही चार निवृत्त मंडळींनी एकदा डोळे बांधून परीक्षा घेतली. पण डोळे बांधले तरी ओठांना कड कळते आणि हाताला वजन. नळीने प्यावं तर वरचा वास नाकापर्यंत येत नाही, म्हणजे ज्याची परीक्षा तेच बाद! निकाल लागला नाही, वाद मात्र रात्री अकरापर्यंत चालला.

२०१२ मध्ये ब्रिस्टल विद्यापीठातल्या संशोधकांनी वेगळाच प्रश्न घेतला, तो मला जास्त महत्त्वाचा वाटतो. सुमारे १६० लोकांना त्यांनी सरळ आणि वक्र ग्लासांतून प्यायला दिलं. भरलेला ग्लास लागरचा असेल, तर सरळ ग्लास संपवायला सुमारे ६० टक्के जास्त वेळ लागला. साध्या सरबतासारख्या पेयात असा फरक दिसला नाही. वक्र ग्लासात अर्धं कुठे होतं याचा अंदाज चुकतो, हे त्यांनी त्याचं एक संभाव्य कारण मानलं.

हे मी आमच्या वयाच्या फौजी मंडळींसाठी मुद्दाम सांगतो आहे. निवृत्तीनंतर संध्याकाळी मोकळ्या असतात, कॅन्टीनमध्ये बाटली स्वस्त मिळते. आमच्या त्या चौघांपैकी दोघांची डॉक्टरांनी पूर्ण बंद केली आहे. उरलेल्या आम्हा दोघांसाठी मी कपाटातून सरळ ग्लासच काढतो. समोरचा कुरकुरतो, म्हणतो चव गेली. मी म्हणतो, साहेब, सावकाश घ्या, येईल.