निवासी
(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

सरकारी रुग्णालयाच्या आवारात 'निवासी डॉक्टर वसतिगृह' अशी पाटी असते. ती वाचली की माझ्या मनात 'मुकीम' हा शब्द येतो. नमाजाच्या नियमांत मुसाफिर आणि मुकीम असा भेद आहे. प्रवासात असलेल्या मुसाफिराला नमाज आखडती घेण्याची सवलत असते. एका जागी राहणाऱ्या मुकीमाला ती नाही, त्याने सगळी पुरी करायची. डॉक्टरी शिकणाऱ्या मुलामुलींना हे 'निवासी' नाव कुठून मिळालं, ते पाहू लागलो आणि गोष्ट थेट अमेरिकेतल्या बाल्टिमोरला जाऊन पोहोचली.

तिथलं जॉन्स हॉपकिन्स रुग्णालय १८८९ साली उघडलं. औषधोपचाराची बाजू विल्यम ऑस्लर यांच्याकडे, शस्त्रक्रियेची विल्यम हॉल्स्टेड यांच्याकडे. पदवी घेतलेल्या तरुणांनी रुग्णालयातच राहायचं, तिथेच जेवायचं, झोपायचं आणि हाक आली की उठायचं, ही पद्धत तिथे रुजली. शिक्षण किती वर्षांचं, हेही ठरलेलं नसे. गुरू म्हणतील तेव्हा संपलं. लग्न, घर, संसार या गोष्टी त्या चौकटीत बसतच नव्हत्या. 'निवासी' हा शब्द तेव्हा अक्षरशः खरा होता.

हॉल्स्टेड मोठा माणूस. शस्त्रक्रियेच्या वेळी रबरी हातमोजे घालण्याची चाल त्यांच्यापासून सुरू झाली. निमित्त झालं ते एका परिचारिकेच्या हातांचं. जंतुनाशक द्रावणाने तिच्या हातांची आग होई, म्हणून त्यांनी तिच्यासाठी मोजे करवून घेतले. पुढे तिच्याशीच लग्न केलं. पण या माणसाची दुसरी कहाणीही आहे. १८८४ मध्ये कोकेनने डोळा बधिर करता येतो हे व्हिएन्नाच्या कार्ल कोलर यांनी दाखवलं. हॉल्स्टेड आणि त्यांचे सहकारी न्यूयॉर्कमध्ये स्वतःलाच सुया टोचून प्रयोग करू लागले आणि त्यात अडकले. उपचारासाठी रुग्णालयात राहावं लागलं, कोकेनच्या जोडीला मॉर्फिन आलं आणि ते अखेरपर्यंत सुटलं नाही. ऑस्लर यांना हे ठाऊक होतं. त्यांनी लिहून ठेवलेली ती हकिगत १९६९ साली उघड झाली. हॉल्स्टेड १९२२ मध्येच गेले होते.

यावरून कोणी म्हणतं, न झोपता काम करण्याची ही रीत म्हणजे कोकेनचीच देणगी. ऐकायला चटकदार आहे, पण मला ते अर्धवट वाटतं. नमुना त्यांनी जर्मनीत पाहिला होता. शिवाय ते स्वतः कित्येकदा कामावर नसत, आणि त्यांच्या मागे सगळा गाडा ओढत ते हे निवासी. गुरूच्या गैरहजेरीत शिष्य राबतात, ही गोष्ट समजायला कोकेनची गरज नाही!

पुढे जवळजवळ शंभर वर्षं या रिवाजाला कोणी फारसं हटकलं नाही. मग मार्च १९८४ मध्ये न्यूयॉर्कच्या एका मोठ्या रुग्णालयात लिबी झायन ही अठरा वर्षांची कॉलेजातली मुलगी तापाने फणफणलेली आली. रात्री तिच्यावर दोन शिकाऊ डॉक्टर होते, आणि त्यातल्या पहिल्या वर्षाच्या डॉक्टरकडे त्याच वेळी आणखी कितीतरी रुग्ण होते. मुलगी नैराश्यावरचं एक औषध घेत होती. त्याच्याबरोबर चालणार नाही असं पेथिडिनचं इंजेक्शन तिला दिलं गेलं. ती तडफडू लागली तेव्हा तिला बांधून ठेवण्यात आलं. सकाळी ती गेली. तिचे वडील पत्रकार आणि वकील होते. त्यांनी प्रकरण लावून धरलं. ग्रँड ज्युरीने डॉक्टरांवर गुन्हा ठेवला नाही, बोट ठेवलं ते व्यवस्थेवर. बर्ट्रांड बेल यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि १९८९ पासून न्यूयॉर्क राज्यात आठवड्याला ८० तास, सलग २४ तास अशी मर्यादा आली. साऱ्या अमेरिकेला ती लागू व्हायला २००३ उजाडलं.

इथे गोष्ट संपायला हवी होती, पण संपली नाही. २००४ मध्ये एका अभ्यासात दिसलं की जुन्या, लांबलचक पाळ्यांमध्ये शिकाऊ डॉक्टरांच्या हातून गंभीर चुका ३६ टक्क्यांनी जास्त होतात. म्हणून २०११ मध्ये पहिल्या वर्षाला १६ तासांची मर्यादा घातली. पण पाळी लहान झाली की रुग्ण एका हातातून दुसऱ्या हातात अधिक वेळा जातो, आणि सांगायचं राहून जातं. पुढच्या मोठ्या अभ्यासांत तास कमी केल्याने रुग्णांचे मृत्यू घटल्याचं दिसलं नाही. २०१७ मध्ये पुन्हा २४ तास झाले. खुद्द बेल यांचंही म्हणणं होतं की तासांपेक्षा वरिष्ठांची देखरेख महत्त्वाची. मला ते पटतं. त्या रात्री लिबीपाशी एखादा अनुभवी डॉक्टर उभा असता तर?

आपल्याकडे कागद नाही असं नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या १९८७ च्या निर्णयानंतर केंद्र सरकारने ५ जून १९९२ रोजी निवासी डॉक्टरांसाठी योजना काढली. साधारणपणे आठवड्याला ४८ तास, एका वेळी १२ तासांहून जास्त नाही. २०२३ च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नियमांत मात्र आकडा नाही, 'वाजवी' तास एवढंच आहे. कवीलाही असा सैल शब्द परवडत नाही. २०२४ मध्ये आयोगाच्याच कृती दलाने ७४ तासांची शिफारस केली. बत्तीस वर्षांत आपण ४८ वरून ७४ वर आलो, तेही शिफारशीत! त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात लांबलचक ड्युटीनंतर विसाव्यासाठी एक डॉक्टर सेमिनार हॉलमध्ये गेली होती. तिथेच तिच्यावर बलात्कार झाला, तिचा खून झाला. निवासी म्हणायचं आणि पाठ टेकायला खोली द्यायची नाही, अशी ही रीत.

काही वर्षांपूर्वी माझ्या आईला आम्ही मध्यरात्री एका सरकारी रुग्णालयात नेलं होतं. पंचविशीतली एक डॉक्टर मुलगी माहिती लिहून घेत होती. तिने आईचं वय विचारलं. मी सांगितलं. थोड्या वेळाने पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा माझा आवाज चढला. तिने कागदावरून मान वर केली आणि म्हणाली, "काका, चिडू नका. परवापासून घरी गेले नाहीये." आई खाटेवरून म्हणाली, "बाळ, आधी जरा बस तरी." बसायला तिथे दुसरी खुर्ची नव्हती. मी उठलो आणि चौथ्यांदा वय सांगितलं.