सरोवराकडे पाठ : पर्यटकांच्या फोटोंचा इतिहास

आजचा विषय जरा वेगळा आहे. निसर्गाचे फोटो आपण पुष्कळ बघतो. आज बघायचं आहे ते निसर्ग बघायला आलेल्या माणसाकडे.

सुरुवात आपल्या वाशीमपासूनच करू. वाशीम म्हणजे जुनं वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. इथून जवळच्या हिस्से-बोराळ्याला राजा देवसेनाच्या काळातला शिलालेख सापडला. त्यावर शक ३८० आहे, म्हणजे इसवी सन ४५८. त्यात एका तलावाची नोंद आहे आणि तलावाचं नाव आहे ‘सुदर्शन’. गिरनारच्या जुन्या तलावाचंही हेच नाव होतं. बघा, तलाव पाण्यासाठी खोदला, पण नाव ठेवलं ते ‘दिसायला सुंदर’ असं. पाण्याकडे डोळे भरून बघणं ही काही कॅमेऱ्याने आणलेली गोष्ट नव्हे.

कॅमेरा आला तो चौदाशे वर्षांनी. मद्रास सैन्यातला रॉबर्ट गिल १८४४ मध्ये अजिंठ्याची चित्रं उतरवायला नेमला गेला, पुढे फोटोही काढू लागला. त्याने काढलेले फोटो १८६४ मध्ये लंडनला पुस्तकरूपाने निघाले. लोणारच्या देवळांचेही त्याने फोटो घेतले. त्या काळी फोटोत माणूस उभा करत तो मापासाठी. खांब किती उंच, कडा किती खोल, हे कळावं म्हणून. त्या माणसाचं नाव कुणी लिहून ठेवत नसे. निसर्ग मोठा, माणूस म्हणजे मोजपट्टी.

१८८८ मध्ये कोडॅकचा हातात मावणारा कॅमेरा आला आणि हे नातं हळूहळू उलटलं. आता माणूस पुढे आला, डोंगर मागे पडदा म्हणून उरला. आपल्याकडे हे जरा उशिरा झालं, पण झालं. मार्टिन पार या ब्रिटिश फोटोग्राफरने तर पर्यटकांचेच फोटो काढले. पिसाच्या कलत्या मनोऱ्याला हाताने टेकू दिल्याचा आव आणणारी माणसं त्याने टिपली, १९९५ मध्ये त्यांचं ‘स्मॉल वर्ल्ड’ हे पुस्तक केलं. आपण ते बघून हसतो, पण लोणारच्या काठावर आपण काय करतो? मोबाईल हातात आला की सरोवराकडे पाठ करतो!

आता लोणार घ्या. रिसोड ओलांडलं की जवळच. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं, उल्कापाताने बेसाल्ट खडकात झालेलं विवर. २०२० च्या जूनमध्ये त्याचं पाणी गुलाबी झालं. तेव्हा कोरोनाचे दिवस, जाणंयेणं बंद. पण फोटो जगभर फिरले. नासाच्या लँडसॅट उपग्रहाने २५ मे आणि १० जूनला घेतलेली छायाचित्रं शेजारी ठेवली की बदल स्पष्ट दिसतो. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने कारण सांगितलं : पाणी घटून खारटपणा वाढला आणि खाऱ्या पाण्यात वाढणारे हॅलोआर्किया हे सूक्ष्मजीव फोफावले. त्याच वर्षी लोणार रामसर स्थळ झालं.

इथे मुद्दा येतो. उपग्रह कालपरवाचा. त्याच्या आधीचं लोणार कुठे सापडेल? तुमच्या घरच्या अल्बममध्ये! कमळजा देवीच्या दर्शनाला गेलेलं कुटुंब, शाळेची सहल, लग्नानंतरचं जोडपं. फोटो काढणाऱ्याचं लक्ष चेहऱ्यांवर होतं. पण मागे पाणी देवळापासून किती लांब आहे, काठावर वेडी बाभूळ शिरली आहे की नाही, हे आपोआप टिपलं गेलं. गिलच्या फोटोत माणूस मोजपट्टी होता. या फोटोतही तो मोजपट्टीच आहे, फक्त त्याला ते ठाऊक नाही.

म्हणून पर्यटकाच्या फोटोची टिंगल करून भागणार नाही. विवराकडे पाठ करून उभा राहिलेला माणूसही विवराचा साक्षीदार असतो, अट एवढीच की फोटोवर तारीख हवी. तारीख नसली तर तो फोटो इतिहासाला मुका.

तेव्हा एक विनंती. घरी गेल्यावर जुना अल्बम काढा. आजी-आजोबा सांगायला आहेत तोवर विचारा, ‘हा फोटो कोणत्या साली, कोणत्या महिन्यात काढला?’ आणि मागे पेन्सिलीने लिहून ठेवा. हिस्से-बोराळ्याच्या लेखावर शक कोरलेला होता, म्हणून आज आपण ‘सुदर्शन’चं वर्ष सांगू शकतो.