गादीवाफ्यावरील परसबाग

गादीवाफ्यावरील परसबाग : सभोवतालच्या जमिनीपेक्षा उंच केलेल्या, ठरावीक मापाच्या वाफ्यांत घराजवळ केलेली भाजीपाल्याची लागवड. भाजीपाल्याच्या रोपवाटिकेतला गादीवाफा महाराष्ट्रातील शेतकऱ्यांच्या चांगल्या परिचयाचा आहे. साधारण ३ मीटर लांब, १ मीटर रुंद आणि १५ सेंमी उंच अशा वाफ्यावर वांगी, टोमॅटो, मिरची, कांदा यांची रोपे तयार करतात. परसबागेत रोपे उपटून दुसरीकडे न नेता पीक त्याच वाफ्यात काढणीपर्यंत ठेवतात. माती नुसती ओढून उंच केली तरी गादीवाफा होतो. विटा, चिरे किंवा फळ्यांची कड दिल्यास तो पावसात ढासळत नाही आणि वर्षानुवर्षे वापरता येतो.

तत्त्व. मुळांना पाणी लागते तितकीच हवाही लागते. मातीत ओल आणि हवा दोन्ही योग्य प्रमाणात असतात, त्या स्थितीला शेतकरी वाफसा म्हणतात. गादीवाफ्याचे मुख्य काम म्हणजे मुळांभोवती हा वाफसा टिकवणे. उंचीमुळे जास्तीचे पाणी खाली निघून जाते. दुसरा फायदा असा की वाफ्यावर कोणी पाय देत नाही. चालण्यासाठी वाटा वेगळ्या असल्याने माती दबत नाही, भुसभुशीत राहते. गांडुळे आणि सूक्ष्मजीव वाढतात आणि दर हंगामात खणण्याचे कष्ट वाचतात. खत आणि पाणीही पिकाच्या जागेवरच पडते, वाटांवर वाया जात नाही. हेच तत्त्व शेतात मोठ्या प्रमाणावर वापरले जाते. काळ्या जमिनींसाठी इक्रिसॅट या संस्थेने विकसित केलेल्या रुंद वरंबा-सरी पद्धतीने विदर्भ-मराठवाड्यात सोयाबीन पेरतात. तिथे पीक वरंब्यावर असते आणि जास्तीचे पाणी सरीतून वाहून जाते.

जमीन, पाऊस आणि वाफ्याची उंची. वाफा किती उंच करायचा हे शोभेवरून ठरवू नये; जमीन आणि पाऊस यांवरून ठरवावे. दख्खनच्या काळ्या जमिनीत चिकणमाती भरपूर असते. ती पाण्याने फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि पावसाळ्यात पाणी धरून ठेवल्याने मुळे गुदमरतात. अशा जमिनीवर २० ते ३० सेंमी उंचीचा वाफा पावसाळी भाज्या वाचवतो. कोकण आणि गोव्यातील जांभ्याच्या जमिनीत निचरा चांगला असला, तरी माती आम्लधर्मी आणि उथळ असते. मुसळधार पावसात अन्नद्रव्ये धुपून जातात. तिथे वाफ्याची उंची निचऱ्याइतकीच मातीची खोली वाढवण्यासाठी हवी असते.

अवर्षणग्रस्त भागांत मात्र उंच वाफा उन्हाळ्यात जड जातो. चारही बाजूंनी वारा आणि ऊन लागल्याने तो लवकर सुकतो. सोलापूर, बीड, धाराशिव या पट्ट्यात उन्हाळी भाजीसाठी सपाट किंवा जमिनीपेक्षा थोडे खोल वाफे अधिक उपयुक्त ठरतात. ज्यांना बाराही महिने एकच वाफा वापरायचा आहे त्यांनी उंची १५ सेंमीच्या आसपास ठेवावी आणि उन्हाळ्यात आच्छादनाचा थर वाढवावा.

जागा व मापे. फळभाज्यांना रोज किमान सहा तास थेट ऊन हवे. पालक, माठ, कोथिंबीर, पुदिना यांना थोडे कमी चालते. मोठ्या झाडांच्या मुळांपासून आणि पागोळ्यांपासून वाफा दूर असावा. दोन्ही बाजूंनी हात मध्यापर्यंत पोहोचला पाहिजे, म्हणून रुंदी ३ ते ४ फूट. भिंतीला लागून असल्यास २ फूट पुरे. लांबी सोयीप्रमाणे, पण १० फुटांपेक्षा जास्त झाली की लोक वळसा घालायचा टाळून वाफ्यावरूनच जातात. दोन वाफ्यांमध्ये दीड फुटाची वाट ठेवावी.

वेलांचा मांडव उत्तरेच्या कडेला घालावा. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कलतो आणि सावल्या उत्तरेला पडतात. मुंबईच्या अक्षांशावर डिसेंबरच्या मध्यान्ही ६ फूट उंच मांडवाची सावली साधारण साडेपाच फूट लांब असते. मांडव दक्षिणेला असेल तर ही सावली थेट मेथी-पालकावर येते.

कडेचे साहित्य. कोकणात जांभ्याचे चिरे, देशावर विटा किंवा दगड सहज मिळतात. चुना-सिमेंट न लावता विटा नुसत्या रचल्या तरी चालते. फटींमधून निचरा होतो आणि वाफा पुढे मोडता-हलवता येतो. लाकडी फळ्यांना वाळवी आणि कुजण्याचा धोका असतो. रेल्वेचे जुने डांबरी स्लीपर, जुना रंग असलेले लाकूड आणि अ‍ॅस्बेस्टॉसचे पत्रे खाण्याच्या पिकांसाठी वापरू नयेत.

जमिनीची तयारी व माती भरणे. कड रचण्यापूर्वी खालची जमीन २० ते २५ सेंमी खोल मोकळी करावी. या वेळी हराळीच्या काशा आणि लव्हाळ्याच्या गाठी हाताने वेचून काढणे हे सर्वांत कंटाळवाणे आणि सर्वांत मोलाचे काम आहे. काशीचा एक तुकडा राहिला तरी पुढच्या पावसात तो मोकळ्या, खतावलेल्या मातीत झपाट्याने पसरतो आणि पीक उभे असताना उपटता येत नाही.

१० फूट लांब, ३ फूट रुंद आणि १ फूट उंच वाफ्यात ३० घनफूट, म्हणजे सुमारे ८५० लिटर भरण मावते. ती सगळी माती विकत घेण्याची गरज नाही. तळाला नारळाच्या शेंड्या, उसाचे पाचट, वाळका पालापाचोळा दाबून भरावा. वरच्या थरात दोन भाग माती आणि एक भाग चांगले कुजलेले शेणखत, कंपोस्ट किंवा गांडूळखत मिसळावे. काळ्या मातीत सेंद्रिय खताचे प्रमाण वाढवावे. थोडी वाळू घातल्याने ती सुधारत नाही. चौरस मीटरला साधारण १०० ग्रॅम निंबोळी पेंड मिसळणे चांगले. शेणखत कच्चे असेल तर त्यातून हुमणीच्या अळ्या येतात, म्हणून ते काळे, भुसभुशीत आणि वासरहित झाल्याची खात्री करावी. तळाचा पाला कुजत जातो तसा वाफा पहिल्या वर्षात खचतो; दर हंगामात वरून दोन-तीन इंच कंपोस्ट द्यावे.

गच्चीवरील वाफे. शहरांत परसबाग अनेकदा गच्चीवर असते आणि तिथे पहिला विचार वजनाचा करावा लागतो. भारतीय मानकाप्रमाणे वावर असलेल्या गच्चीसाठी धरलेला भार चौरस मीटरला सुमारे १५० किलो असतो, तर १ फूट जाडीच्या ओल्या मातीचे वजन चौरस मीटरला ४५० किलोच्या पुढे जाते. त्यामुळे मातीने भरलेला फूटभर उंच वाफा गच्चीच्या मध्यभागी घालू नये. कोकोपीट, पालापाचोळ्याचे खत आणि थोडी माती असे हलके मिश्रण कमी जाडीत वापरावे, वाफे तुळयांच्या किंवा भिंतींच्या वर ठेवावेत आणि आधी संरचना अभियंत्याचा सल्ला घ्यावा. गळती रोखणारा थर नीट असल्याशिवाय सुरुवात करू नये.

हंगाम व पिके. पावसाळ्यात भेंडी, गवार, चवळी, कारली, दोडका, पडवळ, काकडी, दुधी. हिवाळ्यात मेथी, पालक, मुळा, गाजर, कोबी, फ्लॉवर, वाटाणा, वाल, टोमॅटो. उन्हाळ्यात भेंडी, गवार, काकडी, लाल माठ, तांदुळजा ही पिके घेतात. वांगी आणि मिरची योग्य निगा राखल्यास दीर्घकाळ फळतात. परभणीची ‘परभणी क्रांती’ ही भेंडी पिवळ्या शिरांच्या विषाणू रोगाला प्रतिकारक म्हणून प्रसिद्ध झाली. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या ‘कोकण तारा’ (कारले), ‘कोकण हरिता’ (दोडका) आणि ‘कोकण श्वेता’ (पडवळ) या जाती जास्त पावसाच्या भागासाठी आहेत.

नव्याने सुरुवात करणाऱ्याने ऑक्टोबरमध्ये मेथी, मुळा आणि पालक यांनी आरंभ करावा. पावसाचा जोर सरलेला असतो, ऊन सौम्य होऊ लागते आणि मेथी महिन्याभरात हाती येते. लवकर मिळालेली पहिली जुडी पुढच्या कामाला उभारी देते.

पेरणी व निगा. पालेभाज्या ओळीत पेराव्यात. फोकून टाकल्यास विरळणी आणि खुरपणी अवघड होते. बाजारातला धणा हे प्रत्यक्षात दोन बियांचे फळ असते. तो लाटण्याने किंवा पायताणाने हलके रगडून दोन भाग करावा, रात्रभर भिजवावा आणि अर्धा ते एक सेंमी खोल पेरावा. फार जोर दिला तर बी भरडले जाते. अख्खाच पेरला तर उगवण रेंगाळते. वांगी, टोमॅटो, मिरची, कोबी यांची रोपे चार ते सहा आठवड्यांची झाल्यावर संध्याकाळी लावावीत. टोमॅटोच्या दोन रोपांत ४५ ते ६० सेंमी, भेंडीत ३० सेंमी अंतर हवे. दाट लावलेली झाडे एकमेकांची हवा अडवतात आणि रोग वाढतो.

एक मिलिमीटर पाणी म्हणजे चौरस मीटरला एक लिटर. १० बाय ३ फुटांच्या, म्हणजे २.८ चौरस मीटरच्या वाफ्याला देशावरच्या कडक उन्हाळ्यात रोज १५ ते २० लिटर पाणी लागू शकते. हिवाळ्यात त्याच्या निम्मे पुरते. पाणी सकाळी द्यावे. बोट दोन इंच आत खुपसून ओल लागली तर त्या दिवशी पाणी देऊ नये. वाळका पाला, पाचट किंवा भाताचा पेंढा यांचे दोन-तीन इंचांचे आच्छादन बाष्पीभवन कमी करते, तण दाबते आणि शेवटी खत होते.

पीकफेर, कीड व रोग. वांगी, टोमॅटो, मिरची आणि बटाटा एकाच कुळातील आहेत. ती एकामागून एक त्याच वाफ्यात घेतल्यास मर आणि सूत्रकृमी वाढतात. त्यांच्यामागून घेवडा, चवळी, गवार यांसारखे शेंगवर्गीय पीक घ्यावे. कडेने झेंडू लावल्याने सूत्रकृमींना आळा बसतो आणि परागीभवन करणारे कीटक येतात. मावा, तुडतुडे, पांढरी माशी यांसाठी पाच टक्के निंबोळी अर्क वापरतात : ५० ग्रॅम निंबोळ्यांची भरड रात्रभर पाण्यात भिजवून सकाळी फडक्यातून गाळावी, द्रावण एक लिटर करावे, किंचित साबण मिसळून संध्याकाळी फवारावे. वांग्याचे सुकलेले शेंडे दिसताच खुडून नष्ट करावेत. आत अळी असते. पावसाळ्यात गोगलगायी रात्री किंवा पहाटे वेचाव्या लागतात.

उत्पन्न व मर्यादा. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२४ च्या आहारविषयक मार्गदर्शनानुसार प्रौढ व्यक्तीला दिवसाला सुमारे ४०० ग्रॅम भाज्या हव्यात. चौघांच्या कुटुंबाची गरज वर्षाला साडेपाच क्विंटलांपेक्षा अधिक होते. वर उल्लेखिलेल्या एका वाफ्यातून मेथीच्या एका पिकात दोन ते तीन किलो भाजी मिळते. दोन-तीन वाफे बाजारावरचे अवलंबित्व संपवत नाहीत. पालेभाजी, मिरची, कोथिंबीर, कढीपत्ता ताजे आणि विषमुक्त मिळणे हा त्यांचा खरा लाभ आहे, आणि वाढत्या वयाच्या मुलांच्या ताटात तो मोलाचा आहे.

प्रसार. कोल्हापूरचे श्रीपाद अ. दाभोलकर यांनी ‘प्रयोग परिवार’च्या माध्यमातून घरच्या पाल्यापाचोळ्यापासून सुपीक माती तयार करण्याचे आणि मोजक्या जागेत जास्तीत जास्त ऊन पानांवर झेलण्याचे प्रयोग सामान्य लोकांपर्यंत नेले, ‘प्लेंटी फॉर ऑल’ या ग्रंथात त्यांची मांडणी आहे. अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी वाल-घेवड्यासह अनेक गावठी वाणांचे बियाणे जतन केले. त्या कार्यासाठी त्यांना पद्मश्री सन्मान मिळाला. संकरित वाणाचे बी पुढच्या पिढीत मूळ गुण राखत नाही. गावठी वालाची सर्वांत निरोगी वेलीवरची पहिली शेंग झाडावरच वाळू देऊन राखेत ठेवली, तर पुढच्या वर्षीचे बी घरचेच होते. महिला बचत गटांच्या पोषण परसबागा आणि शाळांच्या आवारातील भाजीचे वाफे यांमुळे ही पद्धत गावोगावी पोहोचत आहे. ती रुजण्यासाठी महागडे साहित्य लागत नाही. एक वाफा, त्याच घरचा ओला कचरा आणि दर हंगामात मातीत परत घातलेले कंपोस्ट एवढे सातत्याने सांभाळले, तर तीच माती वर्षागणिक अधिक सुपीक होत जाते.