बंद हंगामातील विद्या

अकलूजच्या परिसरात ‘कारखाना’ हा शब्द उच्चारला की कोणता कारखाना, असे कोणी विचारीत नाही. शिवकाळात ज्या शब्दाने राज्याच्या अठरा खात्यांचा बोध होत असे, तो येथे ऊस गाळून साखर करणाऱ्या संस्थेपुरता आकुंचित झाला आहे. आणि जुन्या मोटारीचे इंजिन घरच्या अंगणात खोलून पुन्हा बांधण्याच्या हुन्नराचा या भागातील पूर्वेतिहास ज्याला शोधावयाचा असेल, त्याने मोटारींविषयीची दप्तरे चाळण्यापूर्वी या कारखान्याच्या आवारात, तेही गळीत संपल्यानंतरच्या उन्हाळ्यात, एक फेरी मारावी, असे माझे मत आहे.

साखर कारखाना हे वर्षातून एकदा मुळापासून उकलले जाणारे यंत्र आहे. हंगामात त्याला रात्रंदिवस उसंत नसते. पण एके दिवशी गव्हाणीतील साखळी निश्चल होते, बॉयलर थंडावतो, आणि ज्या फिटरांनी पाच-सहा महिने केवळ कान देऊन यंत्राचे कुरकुरणे ऐकलेले असते, त्यांच्या हाती ते यंत्र अवयवशः सोपविले जाते. रोलर उतरतात, बेअरिंगे उघडी पडतात, पंपांचे व व्हॉल्व्हांचे पोटातले जिन्नस ताडपत्रीवर मांडले जातात. आणि दसऱ्याच्या सुमारास बॉयलरचे अग्निप्रदीपन होईतो हा सारा पसारा पुन्हा बरहुकूम जागच्या जागी बसवावा लागतो. खोललेले पुन्हा जुळविणे हा ज्यांच्या नोकरीचा वार्षिक मामूल, त्यांना मोटारीच्या चार सिलिंडरांचे भय ते काय वाटणार?

हे कारखाने आले ते पाण्यामागून. भाटघरचे नवे धरण १९२८ साली पुरे झाले, नीरेच्या उजव्या कालव्याने माळशिरस तालुक्याच्या कोरडवाहू जमिनीला पाट दाखविला, आणि १९३२ साली सरकारने साखरेच्या धंद्याला जकातीचे संरक्षण दिले, तेव्हा सासवडच्या माळी बागाईतदारांनी स्वतःचे भांडवल उभारून माळीनगर वसविले, तर नीरेपलीकडे इंदापूर तालुक्यात वालचंद हिराचंद यांचे वालचंदनगर उभे राहिले. अकलूजला लागून असलेल्या यशवंतनगरचा शंकरराव मोहिते-पाटलांचा सहकारी कारखाना त्यानंतरचा. या साऱ्या काळात विहिरींवरही एक निःशब्द क्रांती चालली होती. साताऱ्याजवळ कूपरांच्या कारखान्यात डिझेल इंजिने होऊ लागली होती, १९४६ साली किर्लोस्करांनी पुण्यात ऑइल इंजिनांसाठी स्वतंत्र कंपनी काढली, आणि चामड्याची मोट, नाडा, सोंदूर व चाक यांच्या जागी धडधडणारे एका सिलिंडरचे इंजिन आले. तालुक्याच्या गावाहून मिस्त्री येईपर्यंत उभा ऊस वाळू देणे परवडणारे नसल्यामुळे शेतकऱ्याच्या घरातील एखादा तरी मुलगा पाना हाती धरावयास शिकला, व बैलांच्या खुरांची निगा राखणाऱ्या घरातच पिस्टनच्या रिंगांची चर्चा होऊ लागली.

आता ज्या मोटारीचे इंजिन या मंडळींच्या हाती पुढे पडले, तिच्याकडे वळू. येथे इतिहासाने एक चमत्कारिक वर्तुळ पुरे केले आहे. वालचंद हिराचंद यांचा जन्म १८८२ सालचा, सोलापूरचा. फाटक नावाच्या भागीदारासह बार्शी लाइट रेल्वेच्या कामाचा मक्ता घेऊन त्यांनी उद्योगात पाऊल टाकले. मोटारींचा कारखाना काढण्याची त्यांची तजवीज दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सरकारी अनास्थेने रखडली. तरी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन झाली आणि १९४७ साली तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून पहिली गाडी बाहेर पडली. १९५३ साली वालचंद निवर्तले. पुढे ज्या फियाट अकराशेने या कंपनीचे नाव घरोघर नेले, आणि जी १९७० नंतरच्या दशकात ‘पद्मिनी’ झाली, तिचे इंजिन मूळचे १९३७ सालच्या इटालियन ‘बालिल्ला’चे: चार सिलिंडरे, ६८ मिलिमीटर व्यास, दट्ट्याची धाव ७५ मिलिमीटर, मिळून १०८९ घन सेंटिमीटर. (‘धाव’ हा शब्द मी मुद्दाम योजला; मोटेचे बैल ज्या उतारावर मागे-पुढे होत त्यालाही धावच म्हणत, आणि आमच्या मिस्त्रींनी ‘स्ट्रोक’ हा शब्द पत्करला नसता तर किती बरे झाले असते!)

इटलीने ही गाडी १९६९ साली बंद केली. आम्ही ती शतकाच्या अखेरीपर्यंत चालविली. परवान्यांच्या त्या अमदानीत नवी गाडी मिळण्यासाठी वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे, स्पर्धा नाममात्र होती, आणि अर्थशास्त्र्यांनी या गतिरोधाची जी निर्भर्त्सना केली आहे ती यथार्थच आहे. परंतु इंजिन बांधणाऱ्याच्या बाजूने पाहिले तर निराळेच दिसते. ज्या यंत्राचे माप तीन-चार दशके बदलत नाही, त्याची विद्या उस्तादाकडून शागिर्दाकडे अविकृत जाते, त्याचा सुटा भाग पुण्याच्या नाना पेठेत हटकून मिळतो, आणि बापाने एकदा बांधलेले इंजिन मुलगा त्याच पान्यांनी दुसऱ्यांदा बांधू शकतो. ग्राहकाचे जे दुर्दैव ते कारागिराचे विद्यापीठ ठरले.

त्या विद्येचा आरंभ निदानापासून होतो. अकलूजच्या घोडेबाजारात जाणता गिऱ्हाईक घोड्याचे दात पाहतो. मिस्त्री स्पार्क प्लग काढून त्याचा रंग पाहतो. फिकट तपकिरी असेल तर प्रकृती ठीक. कोरडी काजळी असेल तर पेट्रोल अधिक जाते आहे. आणि प्लग तेलाने ओला निघाला तर रिंगा झिजून इंजिन ऑइल खाऊ लागले आहे, म्हणजे ते खोलण्यावाचून गत्यंतर नाही. मग बॉनेट व रेडिएटर काढून, तिवईला किंवा अंगणातल्या लिंबाच्या दणकट फांदीला चेनपुली अडकवून इंजिन उचलले जाते. सुटलेला प्रत्येक नट कोणत्या डब्यात गेला याची स्मृती हीच येथली खरी विद्वत्ता होय. बेअरिंगच्या टोप्यांवर पंचाने एक, दोन, तीन असे ठिपके द्यावयाचे, कारण एकाची टोपी दुसऱ्यावर बसविली तर क्रँक फिरणार नाही. सारे भाग रॉकेलमध्ये धुवावयाचे. आणि सिलिंडरची झीज वरच्या तोंडाशी अधिक असते म्हणून माप तेथे आणि खाली, दोन्हीकडे घ्यावयाचे. घरकाम येथेच थांबते. बोअर करणे व क्रँक घासणे ही कामे लेथवाल्याचीच, आणि वाढलेल्या बोअरच्या मापाचे ओव्हरसाइझ पिस्टन बाजारातून आणावे लागतात.

व्हॉल्व्ह घासणे मात्र घरचे, आणि माझ्या दृष्टीने सर्वांत रमणीय. लाकडी दांडीच्या टोकाला रबरी चूषक, व्हॉल्व्हच्या कडेला पेस्ट, आणि दोन तळहातांत ती दांडी ताक घुसळणाऱ्या रवीसारखी अर्धी इकडे, अर्धी तिकडे फिरवीत राहावयाचे, जोपर्यंत बैठकीवर सलग करडे वलय उमटत नाही. मग हेड उलथे करून रॉकेल ओतावयाचे. थेंब झिरपला तर पुन्हा घासणे आले. या इंजिनाचा ब्लॉक बिडाचा व हेड ॲल्युमिनियमचे असल्यामुळे हेडाचे नट मध्यापासून बाहेरच्या बाजूस क्रमाने, थोडेथोडे करून आवळावे लागतात. उतावळ्याने एका कडेकडून आवळत नेले की हेड वाकते आणि पंधरवड्याचे श्रम गॅस्केटच्या वाटेने वाफ होऊन जातात. शेवटी टायमिंगच्या खुणा जुळवून, टॅपेटची फट फिलर गेजने मोजून, प्लगच्या वायरी एक-तीन-चार-दोन या क्रमाने लावल्या म्हणजे किल्ली फिरविण्याचा क्षण येतो, आणि तेव्हा अंगणात सहसा कोणी बोलत नाही.

इंजिन सुरू झाले तरी काम संपत नाही. नव्या रिंगा बोअरशी मिळूनमिसळून येईतो गाडी सावकाश हाकावी लागते, आणि तशी सूचना देणारी ‘रनिंग इन’ अशी पाटी मागच्या काचेवर लावण्याचा दस्तूर होता. हंगामात अकलूज-माळीनगर रस्त्याने अशी फियाट उसाच्या बैलगाड्यांमागून त्यांच्याच गतीने चालली, तर हाकणाऱ्याला हॉर्न वाजविण्याचे काही कारण नसे.